मेहिटेबलचं माहेर

गेले आठ-नऊ महिने माझी सकाळ कनेक्टिकटमध्ये उजाडतेय. म्हणजे मी आहे इथेच, नाशिकला, शरणपूर रोडच्या त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पण साडेपाचला उठून चहा टाकला की लॅपटॉप उघडते आणि सतराशे तीस-चाळीस सालातलं कुणाचं तरी खरेदीखत वाचत बसते. मिस्टर म्हणतात, बायका रिटायर झाल्या की भजनी मंडळात जातात, तू अमेरिकेच्या तहसील कचेरीत कामाला लागलीस. त्यांचं अगदीच चूक नाहीये.

तर झालं असं, की आमच्या लेकीचं लग्न झालंय तिकडच्या मुलाशी. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शाळेत लायब्ररियन होत्या, आता रिटायर. त्यांना डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन नावाच्या बायकांच्या संस्थेचं मेंबर व्हायचं होतं. ही संस्था १८९० पासून आहे आणि तिथे नुसती फी भरून घेत नाहीत. स्वातंत्र्ययुद्धात ज्याने मदत केली अशा पूर्वजापासून स्वतःपर्यंतची रक्ताची साखळी लावून दाखवायची, आणि प्रत्येक कडीला कागद. ह्याचा जन्मदाखला, त्याचं लग्न, तो ह्याचाच मुलगा कशावरून. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं ही तर जात पडताळणी! आमच्या पुतण्याच्या इंजिनिअरिंग अ‍ॅडमिशनच्या वेळी पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी किती हेलपाटे मारले होते ते आठवलं. लेक हसली आणि तिने ते विहीणबाईंना सांगितलं, आणि त्यांनी मला थेट मेसेज केला की मग तुम्हीच मदत करा ना.

मी तेहतीस वर्षं बँकेत होते. त्यातली निम्मी मयत खातेदारांचे क्लेम बघण्यात गेली. वारस कोण, पहिली बायको की दुसरी, नावात फरक आहे तर अ‍ॅफिडेव्हिट आणलंय का. हे काम करताना कंटाळा यायचा पण ते अंगात इतकं मुरलंय हे मला माहितीच नव्हतं.

विहीणबाईंच्या माहेरचं आडनाव मी इथे लिहिणार नाही, जावईबापूंनी बजावून ठेवलंय. त्या घराण्याचं म्हणणं असं की त्यांचा मूळ पुरुष १६३० च्या दशकात इंग्लंडहून बोटीने आला. त्या काळात प्युरिटन, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी लाट न्यू इंग्लंडला, म्हणजे कनेक्टिकट आणि आसपासच्या ईशान्य अमेरिकेत, आली होती, १६४० पर्यंत वीसेक हजार माणसं, त्यामुळे हे अशक्य काही नाही. त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात छापलेलं घराण्याचं पुस्तकही आहे, आपल्या कुलवृत्तांतासारखं, आणि त्याची सुरुवात 'तीन भाऊ समुद्र ओलांडून आले' अशी. नंतर कळलं की अमेरिकेत निम्म्या घराण्यांची गोष्ट तीन भावांपासूनच सुरू होते, दोन नाही चार नाही, तीनच. अशा पुस्तकांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे तिकडचे जाणकार पहिल्याच दिवशी सांगतात. गुस्ताव आंजू नावाचा एक महाभाग होऊन गेला, १९४२ साली वारला, तो श्रीमंत लोकांना पैसे घेऊन हव्या तशा वंशावळी बनवून द्यायचा, आणि त्याने घुसवलेले खोटे पूर्वज आजही लोकांच्या ऑनलाइन झाडांवर लटकलेले असतात, एकाने टाकलं की दुसरा कॉपी करतो, फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डसारखं. आपल्याकडे असलं काही होत नाही असं मला म्हणायचं नाहीये, कळलं ना.

कागद मात्र त्यांच्याकडे भरपूर. न्यू इंग्लंडमध्ये गावचा क्लार्क जन्म-लग्न-मृत्यू सतराव्या शतकापासून लिहीत आलाय. कनेक्टिकटची १८५० पर्यंतची अशी नोंद बार्बर कलेक्शन म्हणून एकत्र अनुक्रमाने लावलेली आहे. मृत्युपत्रं, हिस्सेवाटप, जमिनीचे व्यवहार वेगळे. फॅमिलीसर्च म्हणून साइट आहे मॉर्मन चर्चची, फुकट, ती उघडली की मायक्रोफिल्मवरून केलेले फोटोच्या फोटो समोर येतात. आणि त्यांनी २०२४ पासून एक नवीन सोय केलीय, हाताने लिहिलेली जुनी खरेदीखतं आणि प्रोबेटचे, म्हणजे मयताच्या मालमत्तेचे, कागद कॉम्प्युटरने वाचून ठेवलेत, त्यामुळे एक शब्द टाकला की तो शब्द असलेलं पान निघतं. आधी लोक हजार-हजार पानं एकेक करून उलटायचे. आपल्याकडे २०२३ मध्ये शिंदे समिती बसल्यावर कुणबी नोंदी शोधायला तहसिलांमध्ये कोतवाल बुकं आणि गाव नमुना १४ चे गठ्ठे सोडले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा असलं काही हाताशी असतं तर असं सारखं वाटतं.

जनगणनेचं मात्र तिकडे उलटं आहे. पहिली झाली १७९० ला, पण १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं १८५० पासून. म्हणजे त्याआधीच्या बाईला शोधायचं तर ती विधवा होऊन घराची प्रमुख झाली असेल तरच ती दिसणार. आणि १८९० ची जनगणना तर १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली.

युद्धातल्या पूर्वजापासून विहीणबाईंपर्यंतची साखळी तीन महिन्यांत लागली, त्यात सांगण्यासारखं फार नाही, पेन्शनच्या फाइलींनी काम सोपं केलं. म्हातारे सैनिक पेन्शनसाठी कोर्टात येऊन सगळी हकिगत सांगायचे, विधवा आपल्या लग्नाचा पुरावा म्हणून बायबलमधलं घरच्या नोंदींचं पान फाडून जोडायच्या. ती फाडलेली पानं अजून फाइलीत आहेत. त्यांची मेंबरशिप झाली, फोटो आला, पेढे आम्ही इथे वाटले.

तिथेच थांबायला हवं होतं खरं तर. पण विहीणबाईंच्या भावाने हौसेने वायची टेस्ट केली.

वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, म्हणजे आडनावासारखाच चालतो. त्यामुळे एका आडनावाचे पुरुष खरंच एका मूळ पुरुषाचे का हे त्यावरून कळतं. ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. त्याच्या घरातल्या सॅली हेमिंग्ज ह्या गुलाम बाईची मुलं त्याचीच असं दोनशे वर्षं बोललं जायचं. जेफरसनचा औरस मुलगा जगला नव्हता, मग त्याच्या सख्ख्या काकाच्या पुरुषवंशजांचा वाय घेतला, सॅलीचा मुलगा एस्टन ह्याच्या वंशजाशी लावून बघितला, आणि तो जुळला. १९९८ ची गोष्ट. अर्थात वाय एवढंच सांगतो की बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता, नेमका कोणता ते सांगत नाही. ते कागदांवरून ठरवायचं, म्हणजे सॅली गरोदर राहिली तेव्हा तेव्हा जेफरसन घरी होता का वगैरे, आणि कागद जेफरसनकडेच बोट दाखवतात.

तर विहीणबाईंच्या भावाचा वाय त्याच आडनावाच्या, त्याच १६३० वाल्या मूळ पुरुषाच्या इतर वंशजांशी लावला, आणि ३७ मार्करपैकी, म्हणजे तपासायच्या खुणांपैकी, निम्म्याहून जास्त वेगळे. जुळलाच नाही. आणि जुळला कुणाशी, तर भलत्याच आडनावाच्या तीन माणसांशी.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंचा चेहरा बघवत नव्हता. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. त्या एवढंच म्हणाल्या की कुणीतरी कधीतरी काहीतरी केलंय. माझ्या डोक्यात मात्र बँकेतला एक विचार आला, की फरक दिसला म्हणजे फ्रॉडच असतो असं नाही, बऱ्याचदा मधलं एक व्हाउचर मिळालेलं नसतं.

साधा डीएनए, म्हणजे थुंकी पाठवून करतात तो ऑटोसोमल, इथे उपयोगी नव्हता. तो जमिनीच्या वाटणीसारखा आहे. प्रत्येक पिढीला निम्मा होतो. आजोबा एक असलेल्या चुलतभावंडांत भरपूर जुळतं, पण त्याच्या वर तीन पिढ्या गेलं, म्हणजे खापरपणजोबांच्याही वडिलांपासून फुटलेल्या भावकीत, साधारण निम्म्या जोड्यांमध्ये काहीच जुळत नाही. नातं खरं असतं, कागद पक्का असतो, फक्त वाटण्या होता होता एक गुंठाही हातात उरलेला नसतो. दहा पिढ्या मागे गेलं तर १०२४ पूर्वजांच्या जागा होतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं आपल्यात औषधालाही काही नसतं. वर न्यू इंग्लंडची ती छोटी गावं, शंभर-दीडशे वर्षं आपापसात लग्नं, एकच जोडपं झाडावर तीन ठिकाणी येतं, त्यामुळे जिथे थोडं जुळतं तेही कुठल्या बाजूने आलं कळायला मार्ग नाही.

म्हणून परत कागद. मी त्या घराण्यातल्या एका माणसाची, विहीणबाईंचा सातवा-आठवा आजोबा धरा, १७६० च्या दशकातली वाटणी काढली. मृत्युपत्र न करता गेला होता. तिकडे तेव्हा कायदा असा की विधवेला तिसरा हिस्सा, आणि मुलांमध्ये थोरल्याला दुप्पट. वाटणीत सगळ्या मुला-मुलींची नावं होती, दुप्पट हिस्सा घेणारा थोरलाही होता. पण विहीणबाईंचा पूर्वज, जो पुस्तकाप्रमाणे ह्याचा थोरला मुलगा, त्याचं नाव कुठेच नाही. ना दुप्पट, ना एकपट. आता ज्याने आयुष्यभर वारसनोंदी बघितल्यात त्याला ह्याचा अर्थ एकच दिसतो, तो वारस नाहीच.

मग ती नवीन शोधाची सोय वापरून त्याचं पहिलं नाव आणि शेजारी 'एलियस' शब्द टाकला. एलियस म्हणजे आपलं उर्फ. आमच्याकडे उर्फची अ‍ॅफिडेव्हिटं ढिगाने यायची म्हणून सुचलं. आणि निघालं! १७५० च्या दशकातलं एक खरेदीखत, त्यात हा माणूस आधी एका आडनावाने आणि मग 'उर्फ' दुसऱ्या आडनावाने. पहिलं आडनाव तेच, जे वाय जुळलेल्या त्या तीन माणसांचं. पहाटेचे सहा वाजले होते, मी मिस्टरांना हलवून उठवलं, ते म्हणाले काय झालं, मी म्हटलं उर्फ सापडलं, ते म्हणाले झोप.

मग उलटं मागे जात राहिले. १७४६ मध्ये प्रोबेट कोर्टात एक नोंद, की अमुक मयताचा मुलगा, वय चौदा, ह्याने आपला पालक म्हणून तमुकला निवडलं. तेव्हा चौदा पूर्ण झालेल्या पोराला स्वतःचा पालक स्वतः निवडता यायचा. आपल्या सातबाऱ्यावर जसा अपाक शेरा असतो ना, अज्ञान पालनकर्ता, तसंच. आणि निवडलेला पालक म्हणजे पुस्तकातला 'बाप'. तो सावत्र बाप होता. आई विधवा झाली, तिने दुसरं लग्न केलं, पोरगं त्या घरात वाढलं आणि हळूहळू लोक त्याला त्याच आडनावाने ओळखायला लागले. एवढंच. कुणीही काहीही केलेलं नव्हतं.

विहीणबाईंना तरी एक शंका राहिली. पोराचा बाप्तिस्मा ऑक्टोबर १७३१ चा, आणि त्याच्या खऱ्या बापाच्या मालमत्तेची मरणोत्तर यादी १० फेब्रुवारी १७३१ ची. म्हणजे बाप गेल्यावर आठ महिन्यांनी मूल? त्यांचं गणित परत वाईट दिशेने चाललं होतं. आता ह्यात गंमत अशी, की १७५२ पर्यंत इंग्रजांच्या राज्यात नवीन वर्ष कागदोपत्री २५ मार्चला लागायचं. म्हणजे आपल्या आर्थिक वर्षासारखंच की! फेब्रुवारी १७३१ हा ऑक्टोबर १७३१ च्या नंतर येतो, चौथ्या तिमाहीत. काही कारकून सावधपणे १७३१/३२ असं जोडसाल लिहायचे, ह्या कारकुनाने नव्हतं लिहिलं. बाप गेला तेव्हा पोरगं चार महिन्यांचं होतं. जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीखही ह्याच कारणाने दोन आहेत, जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्याने २२ फेब्रुवारी १७३२, अकरा दिवसांचा फरक पंचांग बदलल्यामुळे. तेहतीस क्लोजिंग काढलेल्या बाईला मार्च एंडचं हे शिकवावं लागत नाही.

तर ती आई. आतापर्यंत मी तिचं नाव नाही घेतलं कारण कागदही घेत नाहीत. आपण तिला मेहिटेबल म्हणूया, खरं नाव वेगळं आहे, पण तिकडे तेव्हा हे नाव खूप असायचं. नावं काय एकेक, थँकफुल, डिझायर, माइंडवेल, सबमिट. सबमिट! मुलीचं नाव! आपण धोंडू-दगडू ठेवायचो ते निदान यमाला फसवायला. आणि मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची पद्धत, म्हणजे एका बापाला दोन मेहिटेबल, त्यातली कोणती वाचली ते तुम्ही शोधा. ज्युनियर-सीनियर म्हणजे बाप-लेक असंही नाही, गावात एका नावाचे दोघं असले की म्हातारा सीनियर आणि तरणा ज्युनियर, काका-पुतणे असतील नाहीतर नात्यातलेही नसतील. मृत्युपत्रात 'मदर इन लॉ' म्हणजे बऱ्याचदा सावत्र आई. ह्या सगळ्यातून गेले तरी मेहिटेबलचं माहेर सापडत नाही.

खऱ्या घराण्याची साखळी तिच्यातून जाते, दोन आडनावांना जोडणारी तीच, पण तिचं लग्नाआधीचं आडनाव एकाही कागदावर नाही. पहिल्या लग्नाची नोंद गावच्या वहीत नाही. बायकोचं नाव कागदावर येतं ते 'आणि त्याची पत्नी मेहिटेबल' एवढंच, तेही एखादी जमीन विकताना. अशा वेळी तिकडचे लोक आसपासच्या गावातल्या म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं वाचतात, कुणीतरी 'माझी मुलगी मेहिटेबल अमुक' असं सासरच्या आडनावाने लिहिलं असेल ह्या आशेने. मी अशी सत्तरएक वाचली. तीन मेहिटेबल सापडल्या, तिन्ही भलतीकडच्या.

दुसरा रस्ता मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा. तो आईकडून सगळ्या मुलांना जातो पण पुढे फक्त मुलीच देतात. आई, लेक, नात, पणती अशी मध्ये एकही पुरुष न येता आजपर्यंत आलेली बाई हवी. आणि ती शोधायची म्हणजे प्रत्येक पिढीला आडनाव बदलणार. मेहिटेबलला दुसऱ्या नवऱ्यापासून एक मुलगी होती, तिच्या मागे विहीणबाई लागल्यात, सध्या १८३० पर्यंत आल्यात व्हरमॉन्टमध्ये.

एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं. सावत्र बापाच्या मालमत्तेची यादी. त्या काळात मेलेल्या माणसाच्या घरात तीन शेजारी जाऊन एकूणएक वस्तूची किंमत लावायचे. पिसांची गादी, लोखंडी हंडा, दोन गाई, बायबल, कथलाची ताटं. मी चहा पीत पीत वाचत होते, मजा वाटत होती, आणि गादी आणि गाईच्या मध्ये एक मुलगी होती. निग्रो गर्ल, एकच नाव, आडनाव नाही, समोर पौंडात किंमत. मला वाटायचं गुलामगिरी म्हणजे दक्षिणेकडचे कापसाचे मळे. कनेक्टिकटमध्येही होती, १७८४ ला हळूहळू संपवायचा कायदा केला आणि पूर्ण बंद झाली १८४८ ला. वाटणीत ती मुलगी विधवेच्या तिसऱ्या हिश्शात गेली. म्हणजे मेहिटेबलकडे. जिच्या माहेरासाठी मी सत्तर मृत्युपत्रं वाचली, तिच्याकडे.

विहीणबाईंना फोटो पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मग मेसेज आला, हिचं पुढे काय झालं ते बघता येईल का. मी बघितलं, चर्चची वही, गावचे हिशोब, सगळं. त्या यादीपुढे ती कुठेच नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या घराण्यांचा शोध बहुतेक वेळा १८७० ला येऊन थडकतो, कारण गुलामीतून सुटलेल्या लाखो माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा तेव्हा आली. त्याआधी फक्त मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग. आता डीएनएने काही भिंती फुटतात. मेरीलँडच्या कॅटोक्टिन फर्नेस ह्या लोखंडाच्या भट्टीजवळच्या दफनभूमीतल्या सत्तावीस जणांचा डीएनए काढला आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की आज जिवंत असलेल्या ४१,७९९ लोकांशी त्यांचं काही ना काही नातं लागतं. नावं नसलेल्या माणसांचे एवढे नातेवाईक.

आणि मी राहते शरणपूर रोडला. रोज तिथून भाजी आणते. शरणपूर नाव कसं पडलं हे लहानपणी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी इथे वसाहत केली, आणि हिंदी महासागरात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथे नाशकात आणली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम, वाचायला-लिहायला शिकवलं. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन १८७३ ला तिथेच वारला तेव्हा त्याचा देह समुद्रापर्यंत आणणाऱ्यांमध्ये तो होता, आणि १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी चर्चमध्ये खांदा देणाऱ्यांमध्येही. नाशकात शिकलेला पोरगा! नंतर बरेच जण मोंबासाजवळ फ्रीरटाउनला जाऊन राहिले. पण जेकब वेनराइट हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव, आईने हाक मारायचं नाव वेगळं असणार. विहीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझ्या घराजवळ? मी म्हटलं, रिक्षाने वीस रुपये.

ह्या सगळ्यात त्यांनी मला सहज विचारलं, तुमचं स्वतःचं झाड किती पिढ्यांचं आहे? मी ऐटीत म्हटलं आम्हाला काय, आमच्याकडे रामकुंडावर उपाध्यायांच्या वह्या आहेत, गाव आणि आडनाव सांगितलं की सात पिढ्या वाचून दाखवतात. हरिद्वारच्या अशा वह्यांचं तर त्या मॉर्मन संस्थेनेच मायक्रोफिल्मिंग केलंय. त्या एकदम खूश, म्हणाल्या मग तुझ्या आईच्या आईच्या आईचं नाव सांग.

मी गप्प.

पितृपक्षात गेले पंचवटीत. सासरचे उपाध्याय माहिती होते, माहेरचे शोधण्यातच तीन सकाळी गेल्या, कारण ज्यांच्याकडे वही होती त्यांचं घर आता नातवाकडे आणि नातू बसतो गोदाघाटावर दुसऱ्याच टोकाला. मूळ गाव निफाड तालुक्यातलं अमुक, आडनाव तमुक म्हटल्यावर त्यांनी लाल कापडातलं बाड काढलं. आडवी लांबट पानं, आधी मोडी, मग बाळबोध. माझ्या आजोबांची स्वतःच्या हाताची सही, निळ्या शाईची, वर त्यांच्या वडिलांची मोडीतली. मी बोट ठेवून बघत बसले. त्यांचे भाऊ, चुलते, मुलगे सगळे आहेत. माझी आजी कुठे? 'सहकुटुंब'. पूर्वी कुटुंब म्हणजे बायकोच, नाही का. तिच्या वर पणजी, तिचं नाव एकदा श्राद्धाच्या निमित्ताने आलंय, कारण गुरुजींना माता, पितामही, प्रपितामही अशी तीन नावं लागतात. पण ते सासरचं नाव.

आणि इथे आपलं मेहिटेबलहून अवघड आहे. तिचं निदान पहिलं नाव तरी जन्मापासून मरेपर्यंत तेच राहिलं. आपल्याकडे लग्नात तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की आडनावासकट सगळीच जुनी बाई गेली. माझ्या वडिलांची आजी वहीत 'लक्ष्मीबाई' आहे, माहेरी ती कोण होती? आईकडच्या बाजूचं तर विचारूच नका, ती वहीच त्र्यंबकला आहे म्हणतात. लेकीने तिकडे डीएनए टेस्ट केलीये, तिला जुळणारे लोक जावयापेक्षा खूपच कमी निघाले, आपल्या लोकांनी टेस्टच केलेली नसते. ट्वेंटीथ्री अँड मी ही टेस्ट करणारी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली तेव्हा लेक घाबरून डेटा काढून टाकायला निघाली होती, विहीणबाईंनी सांगितलं आधी डाउनलोड कर मग काढ. लायब्ररियन ती लायब्ररियनच.

उपाध्यायांनी विचारलं, काही लिहायचंय का ताई. सहसा पुरुष लिहितात, पण ते तरुण आहेत, म्हणाले लिहा की. मग मी लिहिलं. माझं नाव, दोन्ही आडनावं, लेकीचं नाव, जावयाचं नाव आणि गाव कनेक्टिकट (त्यांनी स्पेलिंग विचारलं, मी म्हटलं मराठीतच लिहिते). आईचं सासरचं आणि माहेरचं. आजीचं सासरचं आणि माहेरचं, ते मला माहिती होतं, तिला माहेरी सगळे गोदी म्हणायचे. पणजीपुढे 'लक्ष्मीबाई, माहेरचं नाव' असं लिहून दीड ओळ जागा सोडली. उपाध्याय म्हणाले, रिकामी जागा ठेवत नाही आम्ही, कुणीही काही लिहितं. मी म्हटलं मी येते परत, तोवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

विहीणबाईंना फोटो पाठवला तर त्यांनी पहिलं विचारलं, ही जागा का सोडलीस.

पिंपळगावला माझी आत्या आहे, ब्याण्णव वर्षांची, ऐकू कमी येतं पण जुनं सगळं आठवतं. फोनवर विचारलं तर म्हणाली, लक्ष्मी कसली, तिला तर चांदवडकडून आणली होती, तिचे भाऊ दिवाळीला बैलगाडीने यायचे, त्यातला एक बोबडा होता. नाव? नाव आठवत नाही, पण ट्रंकेत तिच्या भावाचं एक कार्ड आहे म्हणाली, ये आणि शोध. रविवारी सकाळच्या एसटीने जातेय. मिस्टर येतो म्हणालेत, ट्रंक वरच्या माळ्यावर आहे.